फुगीवरचा आळ

सासूबाईंची हाक ऐकून ती ओल्या केसांनीच बाहेर धावली. कामाच्या खोलीत हॅट जमिनीवर पडली होती आणि रांगती फुगी तिच्या शेजारी बसून टाळ्या पिटत होती.

आधी तिने लेक तपासली. हात, पाय, तोंड. कुठे भाजलं नव्हतं. मग हॅट पाहिली.

करड्या फेल्टची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, फेडोरा. पहाटे उठून तिने ती किटलीच्या वाफेवर मऊ केली होती, लाकडी साच्यावर ओढून बसवली होती. माथ्यावर मधोमध घडी, पुढे दोन्ही बाजूंना बोटांनी दाबून एकेक चिमटा. मग टेबलावर उलटी ठेवून, गार होईपर्यंत म्हणून ती आंघोळीला गेली होती. आता घडी मोडली होती, चिमटे वेडेवाकडे झाले होते आणि काठ भिजल्या पुठ्ठ्यासारखा लोंबत होता.

हीच हॅट संध्याकाळी नाटकातल्या नायकाच्या डोक्यावर चढायची होती. कपडेपट सांभाळणाऱ्या बाई दुपारी ती न्यायला येणार होत्या.

सासूबाईंनी जागच्या जागी निकाल दिला. पोरीने टेबलावरचं कापड ओढलं, हॅट खाली आली, पोरीने तुडवली. आज हॅट, उद्या उकळती किटली. रांगतं मूल आणि वाफ एका घरात नांदत नाहीत, तेव्हा हे काम आजपासून बंद.

दारात उभा असलेला नवरा म्हणाला, "आईचं अगदीच चुकतंय असं नाही."

एरवी हाच मित्रांपुढे तिच्या हॅट्स मिरवायचा.

किटलीची धास्ती सासूबाईंपेक्षा तिलाच जास्त होती. म्हणून तर शेगडी उंच फळीवर होती. शेगडी बंद केली की किटलीत गार पाणी ओतल्याशिवाय ती खोली सोडत नसे. दाराला लाकडी फाटक कर म्हणून नवऱ्याच्या मागे लागून तिची जीभ झिजली होती. त्यासाठी आणलेल्या पट्ट्या पलंगाखाली धूळ खात पडल्या होत्या. पण धास्ती वेगळी आणि आळ वेगळा.

तिने किटलीला हात लावला आणि चटकन मागे घेतला.

"आधी खाऊन घेऊ," ती म्हणाली. "मग चौकशी."

"कसली चौकशी?" सासूबाई म्हणाल्या. "चोर समोर बसलाय."

"चोराला बोलता येत नाही, आई. कुणीतरी त्याची बाजू मांडायला हवी."

सगळी खायला बसली. सासूबाईंची बोटं सांध्यांपाशी सुजून आखडली होती. रोजच्यासारखी त्यांनी जॅमची बरणी मुलाकडे सरकवली. त्याने झाकणाला हात लावला, फारच घट्ट बसलंय म्हणाला आणि बरणी बायकोपुढे ठेवली. तिने फिरवताच झाकण निघालं. टेबलाखाली फुगी बापाची चप्पल चघळत होती. दात आल्यापासून घरातली एकही वस्तू तिच्या तोंडातून सुटली नव्हती. चपलेचा पट्टा, उशीचा कोपरा, खुर्चीचा पाय, सगळीकडे बारीक खुणा.

मग ती दोघांना कामाच्या खोलीत घेऊन गेली.

"आई, तुम्ही आलात तेव्हा कापड कसं होतं?"

"टेबलावर होतं."

"आणि त्यावरचं दोऱ्याचं रीळ?"

"हे काय, उभंच आहे."

"कापड ओढलं, हॅट पडली, आणि रीळ उभंच राहिलं?"

सासूबाईंनी रीळ बोटाने ढकलून पाहिलं.

तिने नवऱ्याकडे मान वळवली. "तू कुठे होतास?"

"दाढी करत होतो."

"आणि फुगी?"

"माझ्याजवळच होती."

"मग इथे कशी आली?"

"आली असेल रांगत. काय वकिलासारखं विचारतेस?"

तिने हॅट उचलून खिडकीच्या उजेडात धरली.

"फुगीने ही धरली असती तर काठावर दात उमटले असते. एक तरी खूण दाखवा. आता चिमटे बघा. मी दोन्ही हातांनी दाबते, दोन्हीकडे सारखे येतात. इथे उजवीकडे एकच मोठा खळगा आहे आणि डावीकडे दोन लहान. एक अंगठा, दोन बोटं. डोक्यावर घातलेली हॅट उजव्या हाताने उचलली की असं होतं. फेल्ट तेव्हा ओलसर गरम होतं, म्हणून बोटं आत रुतली. पुढचं किटलीने सांगितलं. मी गार पाणी ओतून गेले होते, आल्यावर ती चटका देत होती. कुणीतरी वाफेवर चूक निस्तरायला गेलं आणि जास्त वाफेने काठाचीही वाट लावली."

"म्हणजे माझं नाव घेणार तू," सासूबाई ताठ होऊन म्हणाल्या.

"तुमच्या बोटांत चिमट्याएवढा जोर असता तर तुम्ही बरणी दुसऱ्याकडे दिली नसती. पण आज ती आणखी एकालाही उघडता आली नाही." ती नवऱ्यासमोर उभी राहिली. "उजवा हात पुढे कर."

त्याने हात खिशातून काढायला वेळ लावला. अंगठ्यावर टपोरा फोड होता.

मग सगळं बाहेर आलं. हॅट दिसली, मोह झाला. आरशासमोर उभं राहून त्याने हॅट उचलून नायकासारखा मुजरा केला आणि हॅट दबली. नीट करायला किटली लावली. अंगठा भाजला, हॅट हातातून सुटली, आईच्या चपला वाजल्या. त्याने शेगडी बंद केली आणि बाहेर सटकला.

"सांगणारच होतो," तो म्हणाला. "पण आईने आधीच फुगीचं नाव घेतलं."

"आणि तुला ते सोयीचं पडलं. हॅटचं मला काही वाटत नाही. फेल्ट आहे, पुन्हा वाफ दिली की पुन्हा वळेल. पण फुगी तुझ्यामागून रांगत आली होती. ती आणि तापलेली किटली एका खोलीत टाकून तू निघून गेलास, आणि वर काम बंद करायचं ते माझं."

त्याने फोड आलेला अंगठा मुठीत लपवला.

"काम बंद होणार नाही," ती म्हणाली. "आजही नाही."

सासूबाईंनी फुगीला कडेवर घेतलं. नातीच्या गालावरून आखडलेलं बोट फिरवलं, आणि मग मुलाला म्हणाल्या, "बघतोस काय? पलंगाखालच्या पट्ट्या काढ."

कपडेपटवाल्या बाई आल्या तेव्हा दारात हातोडा चालू होता. आत वाफेच्या धुक्यात ती दोन्ही अंगठ्यांनी शेवटचा चिमटा दाबत होती. बाईंनी विचारलं, सुतार लावलाय वाटतं?

"सुतार नाही," सासूबाई म्हणाल्या. "आरोपी आहे."

फाटक उभं राहिलं. पट्टी बांधलेल्या अंगठ्याने कडी धरून नवऱ्याने विचारलं, ही कुठल्या बाजूला लावू?

"आतून," मान वर न करता ती म्हणाली. "माझ्या बाजूने."