अंजिराच्या बुंध्याशी

"कुणीतरी माझ्या झाडाचा जीव घेतंय," हेडसर म्हणाले. "कोण घेतंय ते मला माहीत आहे. तुम्ही फक्त पुरावा द्यायचा."

"ज्या पेपरचं उत्तर आधीच ठरलंय तो मी तपासत नाही, सर," चौकशीबाई म्हणाल्या. "झाड दाखवा."

खासगी तपास हा बाईंचा धंदा होता आणि सगळे त्यांना चौकशीबाईच म्हणत. सोबत त्यांचे यजमान असत. ते गाडी चालवत, मिळेल तिथे चहा घेत आणि तिसऱ्या घोटाला चुकीचा माणूस पकडत. हेडसर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले, पण घरातून अजिबात न झालेले मुख्याध्यापक. या वयात रोप लावून सावलीची वाट कोण बघणार, म्हणून त्यांनी नर्सरीतून चांगलं वाढलेलं, मांडीएवढ्या खोडाचं अंजिराचं झाड विकत आणलं होतं. ते क्रेनने कुंपणावरून आत उतरवलं तेव्हा सगळी गल्ली बघायला जमली होती.

आता त्याची पानं पिवळी पडून गळत होती.

"मी दुपारी वाचनालयात जातो," हेडसर सांगू लागले. "परत येतो तर बुंध्याची माती उकरलेली. झाड पडावं म्हणून! मी पुन्हा माती चढवतो, दुप्पट. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. काल तर आधाराचा दोरही कापला."

"आणि तुमचा संशय?"

हेडसरांनी मधल्या भिंतीकडे बोट केलं. पलीकडे त्यांचा धाकटा भाऊ राहत होता. फार पूर्वी हेडसरांनी सख्ख्या पुतण्याला गणितात नापास केलं होतं आणि तेव्हापासून दोघा भावांचा अबोला होता. भिंतीत एक लहानसं दार होतं. त्याच्याशेजारी विटा रचून ठेवल्या होत्या.

"गवंडी येतोय आज. हे भावाचंच काम निघालं की दार कायमचं बुजवणार. भाऊ होता हे विसरून जाईन." बोलताना त्यांचा आवाज चिरकला. त्यांनी खोकून वेळ मारून नेली.

बाई झाडाजवळ वाकल्या. उकरलेली माती बुंध्यापासून हातभर लांब, गोल आळ्यासारखी नीट रचलेली होती. एकही मूळ तुटलेलं नव्हतं. चार दोरांपैकी एकच, उगवतीकडचा, कापलेला होता आणि त्या जागी सालीवर खोल वळ उठला होता. उरलेल्या तिन्ही दोरांखाली जुन्या चादरीच्या घड्या सरकवलेल्या होत्या.

"या घड्या तुम्ही ठेवल्यात?"

"मी? छे!"

यजमानांना ओल्या मातीत चार खळगे दिसले. तीन रुंद, चौथा अरुंद आणि खोल. "शिडी लावली होती, बघ!" ते आनंदाने म्हणाले. "अंजीर चोरायला."

"अहो, एकेका वितीच्या अंतरावर पाय? एवढीशी शिडी मुंगीलाच पुरेल."

मग बाईंनी भिंतीतल्या दाराची कडी पाहिली. ती हेडसरांच्याच बाजूला होती. बिजागऱ्या गंजून लाल झाल्या होत्या, पण कडीला ताजं तेल होतं.

नर्सरीवाल्याला फोन लावला तर तो आधीच वैतागलेला. "हे बघा ताई, मी बुंधा उघडा ठेवून झाड लावून दिलं. नंतर मालकांनी काय केलं ते मला विचारू नका. जरा बोलायला गेलो तर मलाच बाकावर उभं केलं त्यांनी."

स्वयंपाकघरात हेडसरांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, चहा ठेवला. यजमान हाताशी आलेल्या ठेंगण्या स्टुलावर बसले आणि एका अंगाला कलंडले. चहा थेट शर्टावर.

"अगंबाई! सांभाळून हं. एका पायाचं रबर गेलंय त्याचं."

"काकू, बागेत कुणाला येताना पाहिलंत?" बाईंनी विचारलं.

"मी कशाला जातेय बागेत? गुडघे वाकत नाहीत माझे. खाली बसले तर उठवायला क्रेनच आणावी लागेल."

पलीकडच्या घरी धाकट्या भावाने बाईंना आणि यजमानांना आपल्या गच्चीवर नेलं. तिथून अंजिराचा शेंडा दिसत होता. खालचं सगळं भिंतीआड. त्याच्या स्वतःच्या अंगणात एक वाळकं खोड उभं होतं आणि त्याच्याभोवती गुडघाभर उंच मातीचा ढीग होता.

"दादाच्या झाडाला मी हात लावला नाही," तो म्हणाला. "पण उगवतीकडचा दोर सालीत रुतला होता, तो निघाला हे बरं झालं."

खाली उतरताना यजमान कुजबुजले, "हाच तो. चेहराच सांगतोय."

"चेहरा तुमचाही काही कमी संशयास्पद नाही. आधी शर्ट पुसा."

बाईंनी सगळ्यांना अंजिरापाशी बोलावलं. धाकटा दाराच्या पलीकडे उंबऱ्यावरच थांबला. तेवढ्यात गवंडीही थापी घेऊन आला.

"सर, कुणाला झाड मारायचं असतं तर त्यानं मुळं तोडली असती," बाई म्हणाल्या. "इथे एकही तुटलेलं नाही. चारही दोर कापले असते. पण कापला तो फक्त साल चिरणारा, बाकीच्यांना चादरीच्या घड्या दिल्या. हे झाड कुणीतरी वाचवत होतं."

"वाचवत? मग मरतंय कशानं?"

"तुम्ही चढवलेल्या मातीनं. बुंधा मातीत दबला की साल कुजते. नर्सरीवाल्यानं म्हणूनच तो उघडा ठेवला होता. कुणीतरी माती काढायचं आणि तुम्ही दुप्पट घालायचात."

हेडसर वाकून बुंध्याशी उरलेली माती बघू लागले.

"हे कळलेला माणूस पलीकडे आहे. त्याचं झाड असंच मेलं, ढीग अजून तसाच आहे. पण त्याच्या गच्चीवरून बुंधा दिसत नाही. तरी कुठला दोर रुतला होता हे त्याला ठाऊक होतं. म्हणजे कुणीतरी त्याला सांगत होतं, आणि कडी आतून उघडत होतं. दोन भावांचं बोलणं बंद पडलं की निरोप कुणामार्फत जातात, सर? वहिनीमार्फत."

यजमान ताडकन म्हणाले, "पण त्यांचे गुडघे!"

"म्हणून तर स्टूल. तीन पायांना रबर, चौथ्याला नाही. तीन खळगे रुंद, एक अरुंद. पुरावा तुमच्या शर्टावर सांडला होता, अहो."

काकूंनी पदर सावरला. "भाऊजींनी सांगितलं आणि मी केलं. त्यांना पिवळा शेंडा दिसला तेव्हापासून चैन नव्हतं."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं की! तुम्ही म्हणालात, झाड मी आणलंय, तू पोळ्या बघ. आणि भाऊजींचं नाव काढलं असतं तर आणखी चार घमेली ओतली असतीत."

गवंड्याने घसा साफ केला. "मग साहेब, कुठून सुरू करू?"

"नको," हेडसर म्हणाले. "आज नको. कधीच नको." ते पायरीवर बसले आणि त्यांनी एक लांब श्वास सोडला. "मला वाटलं, याला माझं इतकं वाईट व्हावंसं वाटतंय. रात्र रात्र झोप नव्हती. झाडासाठी नव्हे हो, त्या विचारानं."

धाकटा उंबरा ओलांडून आत आला. "दादा, वेडा आहेस तू."

"तुझं झाड गेलं तेव्हा मला सांगितलं का नाहीस?"

"हसला असतास."

"हसलो असतो," हेडसरांनी कबूल केलं.

दोघे झाडाशी गुडघे टेकून बसले. हेडसर दोन्ही हातांनी बुंध्यावर उरलेली माती ओढू लागले. पहिली मुळं बुंध्यातून फुटताना दिसली तसे ते थांबले. जन्मभर दुसऱ्यांच्या वह्यांवर लाल पेन फिरवलेल्या त्या माणसाने मान वर करून भावाला विचारलं, "बरोबर आहे का रे?"

"अजून थोडी काढ," धाकटा म्हणाला. "हं. आता बरोबर."