घड्याळजींचा अंगठा

घड्याळजींच्या मानेत उजव्या बाजूला गाठ होती, बोराएवढी. दुखत नसे, पण दाबली की हाताच्या अंगठ्यात झिणझिणी जाई. गिऱ्हाईक ताटकळलं की ते मान पुढे करून म्हणत, "दाबा, बेल वाजते की नाही बघा!"

शेवटी बायकोनेच त्यांना ओढत दवाखान्यात नेलं. सर्जनबाईंनी एमआरआय पाहिला, सुई घालून तपासणीही केली.

"कॅन्सर नाही. नसेच्या आवरणात वाढलेली साधी गाठ आहे. पण ही नस हाताला जाते. आवरण उघडून गाठ सोलून काढावी लागेल. नस दुखावली, तर अंगठा लुळा पडू शकतो."

"बाई, या अंगठ्यावर घर चालतंय हो," घड्याळजी पहिल्यांदाच हसायचे थांबले.

"म्हणून तर मी जराही घाई करणार नाही."

ऑपरेशन तीन तास चाललं. शुद्धीवर आल्या आल्या घड्याळजींनी बायकोच्या कुडीची फिरकी चिमटीत धरून सोडवून दाखवली. ती हसता हसता रडायला लागली.

चौथ्या दिवशी, मंगळवारी, भर दुपारी जेवताना अंगठ्यात झिणझिणी गेली. हात मानेकडे गेला. तिथे नुसते टाके होते.

"नस सावरतेय," फोनवर बाई म्हणाल्या. "होतं असं."

पुढच्या आठवड्यात ते रिपोर्ट आणायला गेले. लॅबमधला तंत्रज्ञ खुशीत होता. "साधीच निघाली, काका! उरलेला तुकडा बघायचाय?" त्याने टिकवायच्या औषधाच्या बाटलीतून तो काढला आणि चिमट्याने हलकेच दाबला.

घड्याळजींचा अंगठा टुणकन उडाला.

"ही गाठ... तुम्ही तपासायला कापली कधी होती?"

"मंगळवारी, जेवायच्या सुट्टीआधी. का हो?"

घड्याळजी पोट धरून हसले. दुकानात आठवडाभर तोच किस्सा रंगला. तंत्रज्ञानेही शब्द दिला, बाटली कपाटात बंद, आता चिमटा नाही.

मग रविवारी सकाळी, चहा पिताना, अंगठ्यात पुन्हा झिणझिणी गेली, आणि मागोमाग दाब आला. हळुवार. थांबला. पुन्हा आला.

त्यांनी तंत्रज्ञाला फोन लावला. "लॅबमध्ये कोण आहे रे आत्ता?"

"आज? कोणी नाही, काका. किल्ली माझ्याच खिशात आहे..."

घड्याळजींनी अंगठ्याकडे पाहिलं. आता तो दाब चिमट्याचा वाटत नव्हता. मूठ होती... इवलीशी, उबदार. आणि ती अंगठा सोडत नव्हती.