हत्तीला शून्य कसं मिळालं?

कोल्हापुरात उडत्या रिक्षा सुरू झाल्या, त्या वर्षीची गोष्ट. बागेतल्या सिमेंटच्या हत्तीला भावनांच्या परीक्षेत चक्क भोपळा मिळाला!

शेपटीकडून पायऱ्या चढायच्या आणि सोंडेवरून घसरायचं, असा तो हत्ती. लहानपणी जुईचे आबा त्यावरून असे घसरले, की थेट सांगलीत जाऊन थांबले. हसू नका. आबा शास्त्रज्ञ होते, ते कशाला थापा मारतील?

परीक्षा घेतली होती मापाड्यानं. हा यंत्रमानव आबांनीच बनवलेला. शहरातल्या कोणत्या ठिकाणी पाहुण्यांना काय वाटतं, ते मोजायचं त्याचं काम. तो येणाऱ्यांशी हात मिळवायचा. त्याच्या तळव्यातल्या संवेदकांना (घाम आणि नाडी टिपणाऱ्या यंत्रांना) भावना किती जोरदार आहे ते कळायचं. पण ती गोड की कडू? ते नाही कळायचं. भीतीनं नाडी धावते, तशी आनंदानंही धावतेच की! म्हणून तो विचारायचा, "काय वाटलं?" आनंदाला अधिक गुण, दुःखाला उणे. मग काढायचा सरासरी (सगळ्या गुणांची बेरीज, भागिले माणसं).

"शून्य म्हणजे इथं कुणाला काहीच वाटत नाही, आबा," पर्यटन-नकाशा आखणाऱ्या ढवळेबाई म्हणाल्या. "उद्या हत्ती हलवू. रिक्षांना थांबा हवाय."

जुईला ते पटेना. गाव सोडून शिकायला, नोकरीला जाणाऱ्यानं निघण्याआधी हत्तीवरून एकदा घसरायचं, अशी तिथली रीत. जुईची आई चांद्रतळावर नोकरीला निघाली, तेव्हा साडी सावरत घसरली होती. खाली आल्यावर हसत होती आणि डोळेही पुसत होती.

जुईनं मापाड्याला ओढतच हत्तीपाशी नेलं. तिथे दुबईहून आलेले एक काका सोंड थोपटत उभे होते. मापाड्यानं हात पुढे केला. "काय वाटलं, काका?"

"लई भारी वाटलं बघ! आणि आत जरा कालवलं पण. मागनं ढकलायला माझा भाऊ असायचा. आता न्हाई तो."

"अधिक आठ, उणे आठ," मापाड्या म्हणाला. "एकूण शून्य."

"अरे खुळ्या! हात पसर दोन्ही." जुईनं डब्यातले दोन पेरू त्याच्या दोन हातांवर ठेवले. "तराजू सरळ आहे?"

"सरळ आहे."

तिनं पेरू उचलले. "आता?"

"आताही सरळच."

"मग पेरू असले काय नि नसले काय, सारखंच का रे?"

मापाड्यानं आधी एक हात पाहिला, मग दुसरा. "नाही. दोन्ही हात वेगवेगळे मोजायला हवे होते."

"शाब्बास!" मागून येऊन आबा ओरडले. "ही संमिश्र भावना (गोड आणि कडू एकाच वेळी). आपण तिला हुरहूर म्हणतो. तिच्यात वजाबाकी करायची नसते, गड्या."

मापाड्यानं साठवलेले सगळे गुण पुन्हा मांडले, गोड एका हातात, कडू दुसऱ्या हातात. शहरातल्या एका रिक्षातळाला एका हातात शून्य, दुसऱ्यातही शून्य. हत्तीचे मात्र दोन्ही हात शहरात सगळ्यात जड!

आबांबरोबर आलेल्या ढवळेबाईंनी आकडे पाहिले. मग पर्स जुईच्या हातात दिली. "धर जरा. पुण्याला शिकायला जाताना मीही घसरले होते गं." आणि त्या पायऱ्या चढल्या.

हत्ती राहिला. आई परत येईल, तेव्हा जुई तिला तिथेच नेणार आहे.

पुढे मापाड्याला नागपूरचं बोलावणं आलं. निघताना तोही शेपटीकडून चढला आणि खडखडत खाली आला. जुईनं त्याचा हात हातात घेतला. "काय वाटलं?"

"दोन्ही हात जड झालेत. बिघाड असेल. आबा, दुरुस्त करता?"

"नको रे," आबा म्हणाले. "तसेच घेऊन जा."