बोटीवरून उतरलेला साहेब

पाटल्या गेल्या, ठुशी गेली, बोरमाळ गेली, आणि उद्या पोरगंही जाणार, एवढं सांगून अदिती कडोलकरनं पाण्याचा पेला ओठाला लावला. प्यायली मात्र नाही.

निपाणीतल्या त्या माडीवरच्या खोलीत विद्युल्लता हुक्केरीकर खुर्चीत पाय वर घेऊन बसली होती. पूर्वी ती विमा कंपनीत खोटे दावे हुंगून काढायची. आता तेच काम स्वतःच्या नावावर करायची. खालच्या बिऱ्हाडातली प्रियदर्शनी तिचे अहवाल टाइप करून द्यायची, आणि बदल्यात जगात किती प्रकारची वाईट माणसं असतात याची नवी नवी काळजी घेऊन खाली उतरायची.

“पोरगं जाणार म्हणजे?” प्रियदर्शनीनं मांडीवरच्या लेकीला, श्रियाला, आणखी जवळ ओढलं.

“उद्या भावकीतली माणसं बसणारायत. आत्या, म्हणजे सासूबाई, म्हणतात, चोरटीच्या हाताखाली नातू वाढवायचा न्हाय. समर्थला ठेवायचं आणि मी एकटीनं माहेरी जायचं.”

“आणि नवरा?”

“ते म्हणतात, आईच्या मनासारखं होऊ दे. नंतर बघू.”

“नंतर बघू,” विद्युल्लतानं ते शब्द झुरळाची मिशी चिमटीत धरावी तसे उच्चारले. “पुढं सांग.”

हकिगत साधी होती. काकतीचं घर. गेल्या गुरुवारी चिकोडीला नात्यातलं लग्न, म्हणून सगळे सकाळीच गेलेले. कामवाल्या बाळाबाईला सुट्टी. मांडवात समर्थचं अंग तापलं, तशी अदिती त्याला घेऊन एकटीच परत आली. औषध पाजलं, आणि पोराच्या किरकिरीनं आदली रात्रभर जागलेली ती पोराशेजारी माडीवर झोपून गेली. संध्याकाळी मंडळी आली. खालचं कपाट होतं तसं कुलूपबंद, किल्ली जागच्या जागी, आत दागिन्यांचा डबा रिकामा.

“घरात कोण शिरू शकतं?”

“मागच्या दाराची किल्ली तुळशीजवळच्या खापरीत असते. अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे.”

“मग कुलूप कशाला लावता?” विद्युल्लता उठली. “चल गं प्रियदर्शनी. पोरीचं दूध घे.”

बेळगावची साधी बस बायकांनी तुडुंब भरली होती. प्रियदर्शनीनं कंडक्टरला आधार कार्ड दाखवलं, त्यानं शून्य रुपयांचं तिकीट हातात ठेवलं. दाराशी लोंबकळणारे एक आजोबा पुटपुटले, “पैसे आमी द्यायचे आन हुबं बी आमीच ऱ्हायाचं.”

प्रियदर्शनीचे कान तापले. ती एम.एस्सी. होती, नोकरी सोडून घरी बसलेली होती, आणि फुकट हा शब्द अलीकडे तिला कुठंही टोचायचा.

“लाजतेस काय?” विद्युल्लता म्हणाली. “राज्याच्या हद्दीपर्यंतच आहे ही चैन. परवा कोल्हापूरला जाताना पर्स उघडावीच लागली ना? तिकडं अर्धं, आणखी कुठं पुरं. जिथं मिळतंय तिथं बूड टेकून बसावं.”

तवंदी घाट उतरेपर्यंत प्रियदर्शनी श्रियाच्या कपाळाला हात लावून बघत राहिली. ताप नव्हता. तरी बघत राहिली.

कडोलकरांच्या घरात सोफ्यावरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. सासूबाई मालुबाई मधोमध बसल्या होत्या. त्यांनी विद्युल्लताला नखशिखांत न्याहाळलं.

“बाईमाणूस डिटेक्टिव? नवऱ्याला चालतं व्हय?”

“नवरा नाही.”

“तरीच.”

“दागिने कुणाला द्यायचे होते?”

“हिलाच की!” त्यांनी अदितीकडं हनुवटी उडवली. “थोरल्या सुनंला, ऋतिकाला, लग्नातच घातलंय सगळं. ह्ये धाकटीचं. पुढल्या म्हैन्यात नातवाच्या जावळाला घालणार म्हणून दिवाळीत सगळ्यांम्होरं बोललेवते.”

“म्हणजे पुढच्या महिन्यात जे हिच्याच गळ्यात पडणार होतं, ते हिनं आज चोरलं?”

“व्हय वो, व्हय! मास्तराची पोर. सोनं कधी बघितलंया?”

“कपाटाची किल्ली कुठं असते?”

“देव्हाऱ्याच्या फळीखाली. आदी तांदळाच्या डब्यात असायची. संक्रांतीला डब्यात किडं झालं, तवा हलिवली.”

“ही जागा कुणाकुणाला माहीत?”

“घरातल्यास्नी. बाळाबाई रोज फळी पुसती, तिलाबी.”

“आणि थोरला मुलगा?”

“निशांत?” मालुबाईंचा चेहरा उजळला. “त्यो कशाला किल्लीत डोकं घालंल? पुण्याला मोठा सायब हाय त्यो. दिवाळीनंतर सवडच न्हाय त्याला. चोरी झाली तवा त्यो बोटीवर व्हता, समुद्रात. ऐकल्या ऐकल्या मुंबईस्नं पुण्याला बी न जाता थेट आईकडं आला. असली पोरं नशिबानं मिळत्यात.”

धाकटा राघवेंद्र दारात उभा होता. असली पोरं म्हणजे कसली नव्हे, हे त्याला रोज ऐकायला मिळत असावं. मान खाली घालण्याची त्याला छान सवय झाली होती. त्या गुरुवारी तो दिवसभर चिकोडीच्या मांडवात वाढप करत होता, आणि शे-दोनशे माणसांनी त्याला पाहिलं होतं. बाकी काही विचारलं की तो आधी आईकडं बघायचा.

बाळाबाई परसात भांडी घासत होती. ती स्वतःहूनच भांडायला उठली.

“माझ्यावर आळ घ्यायचा न्हाय हां! मी लेकीकडं गेलतो होन्ग्याला. दुसऱ्या दिवशी आलो तर सैपाकघरात तांदूळच तांदूळ. डब्याच्या भोवतीनं सडा. म्हटलं, उंदीर. लोटलं आन कोंबड्यास्नी घातलं.”

“डब्याचं झाकण?”

“लावलेलं.”

“शहाणा उंदीर,” विद्युल्लता म्हणाली.

प्रियदर्शनीनं हळूच विचारलं, “आक्का, उंदीर झाकण लावतो?”

“तू एम.एस्सी. कशात केलीस गं?”

निशांत आणि ऋतिका माडीवरून खाली आले. निशांतच्या शर्टावर नांगराचं चित्र होतं. तो बसला तो पाय पसरूनच. बायको खिडकीपाशी उभी राहिली. तिला या घरात कुठंच टेकावंसं वाटत नसावं.

“विचारा काय ते. पण माझा काय संबंध? मी क्रूझवर होतो.”

“तेच तर.” विद्युल्लताचा आवाज एकदम लोण्यासारखा झाला. प्रियदर्शनीला आश्चर्य वाटलं. या आवाजात आक्का फक्त भाजीवाल्याशी बोलायची. “आम्हालाही एकदा जायचंय हो बोटीनं. गुरुवारी कुठं होती तुमची बोट?”

“मुरगाव बंदरात. पहाटे लागली, रात्री उशिरा सुटली.”

“मग दिवसभर?”

“हिचं डोकं दुखत होतं, ही केबिनमध्ये. कंपनीच्या टूर असतात, पण त्या म्हणजे मेंढरांचा कळप. मी एकटाच उतरलो. लोकल बसनं जुनं गोवं बघून आलो.”

“तू? बशीनं?” मालुबाई कळवळल्या. “आरं लेकरा, कॉलेजात हुतास तवापास्नं तू बशीत पाय ठेवला न्हाईस की रं!”

“अनुभव घ्यायचा असतो, आई. परदेशातले लोक असंच फिरतात.”

“आम्हालाही सांगा की,” विद्युल्लता पुढं झुकली. “बंदरातून बसनं जायचं तर कसं जमतं?”

निशांतला व्याख्यानाला श्रोता हवाच होता. “बंदराच्या फाटकातून बाहेर पडायचं. वास्कोला बस, तिथून पणजी, पणजीहून जुनं गोवं. सोपं आहे. पण एक सांगतो, जाऊ नका. टॅक्सी करा. गर्दी, घाम, शी! आणि बसमध्ये नुसत्या बायका. आधार कार्ड नाचवायचं, कंडक्टर फुकटचं तिकीट फाडून देणार, आणि या महाराण्या ऐसपैस बसणार. पैसे मोजलेला माणूस दांड्याला लोंबकळतोय. कामधंदा नाही, फुकट आहे म्हणून गावभर हिंडायचं. भिकारडी सवय लावून ठेवलीय लोकांना!”

प्रियदर्शनीचे कान पुन्हा तापले. तिनं पर्सच्या कप्प्यातलं तिकीट आणखी आत ढकललं. हा माणूस आपल्यालाच बोलतोय असं तिला वाटलं, आणि त्या रागात ती श्रियाच्या टोपीची नाडी सोडत, बांधत राहिली. बाकी काही तिला ऐकू आलं नाही.

“बघितलंत चर्च?” विद्युल्लतानं विचारलं.

“बघितलं. चर्चसारखं चर्च.”

“फोटो?”

“बॅटरी संपली होती.”

ऋतिकानं खिडकीतून मान वळवून नवऱ्याकडं पाहिलं. मग पुन्हा बाहेर. तिच्या हातातला पडदा मात्र चुरगळला होता. हे प्रियदर्शनीनं टिपलं. अर्थ लागला नाही.

विद्युल्लता उठली, आणि लोणी विरघळून गेलं.

“सगळे इथंच बसा. बाळाबाई, तुम्हीही या. मालुबाई, तुमच्या घरात चोर शोधायला निपाणीहून माणूस आणायची गरज नव्हती. सुनेला झोडपायची घाई थोडी कमी केली असती तर तांदूळच बोलले असते.”

“तांदूळ?”

“कपाट फोडलेलं नाही. म्हणजे चोरानं किल्ली वापरली. पण किल्ली घेण्याआधी त्यानं तांदळाचा डबा उपसला. घाईत सांडले, झाकण लावून ठेवलं. डब्यात कोण हात घालेल? किल्ली तिथं असायची हे ज्याला माहीत आहे, आणि संक्रांतीला ती हलवली हे ज्याला माहीत नाही, तो. अदितीला नवी जागा ठाऊक. राघवेंद्रला ठाऊक. बाळाबाई तर रोज फळी पुसते. यांच्यापैकी कुणीही सरळ देव्हाऱ्याकडं गेलं असतं.”

राघवेंद्रनं आज पहिल्यांदा आईकडं न बघता वर पाहिलं.

“परका चोरही नाही. परका कपाट फोडतो, तांदळात हात घालत नाही. म्हणजे या घरात वाढलेलं, आईच्या सवयी जाणणारं, पण दिवाळीनंतर इकडं न फिरकलेलं माणूस. डब्यात नाही म्हटल्यावर देवापाशी बघायचं, हे आईच्या पोरालाच सुचणार.”

“मूर्खपणा आहे,” निशांत हसला. “मी गोव्यात होतो.”

“होता की. पहाटे. मुरगावहून पणजी, पणजीहून चोर्ला घाटानं बेळगाव, बेळगावहून काकतीची बस. दुपारी घरात, रात्री परत बोटीवर. दिवस पुरतो. टॅक्सी केली असती तर ड्रायव्हरला चेहरा आठवला असता. आपला निशांत लाल बसमध्ये बसला, हे मात्र तुमच्या आईनं डोळ्यांनी बघूनही मानलं नसतं.”

“पुरावा?”

“तुम्हीच दिलात, आणि मागण्याआधी. बायका आधार दाखवून फुकट जातात ते कर्नाटकात. गोव्याच्या बसमध्ये बाईसुद्धा पैसे मोजून तिकीट काढते. तुमच्या महाराष्ट्रात अर्धं का होईना, पण मोजते. पणजी-बेळगाव बसमध्येही फुकट नाही, ती हद्द ओलांडते. बायकांनी भरलेली, फुकट तिकिटांची बस तुम्हाला भेटली ती बेळगाव ते काकती. आईच म्हणाली, कॉलेजनंतर तुम्ही बसमध्ये पाय ठेवला नाही. मग हे दृश्य तुम्ही कुठं पाहिलंत?”

निशांतनं पसरलेले पाय जवळ घेतले.

“तुमच्या लेखी बस म्हणजे बस. गरिबांनी भरलेला एक डबा. या राज्यातला डबा वेगळा, त्या राज्यातला वेगळा, हे बघायला आधी त्या माणसांकडं बघावं लागतं. तुम्ही नाक दाबून उभे होतात.”

“ऐकीव गोष्ट होती ती. कुठंतरी वाचलं असेल,” त्याचा आवाज बारीक झाला. “दागिने माझ्याकडं आहेत का? दाखवा की!”

“वर आहेत,” खिडकीपाशी उभी असलेली ऋतिका म्हणाली.

“ऋतू!”

“गप्प बैस. गुरुवारी रात्री केबिनच्या तिजोरीत पुडकं ठेवलंस. म्हणालास, आईनं दिवाळीलाच दिलं होतं, अदितीला वाईट वाटेल म्हणून बोलायचं नाही. मी मानलं, कारण मलाही ते हवंच होतं.” तिनं अदितीकडं पाहिलं नाही. “इथं येऊन चोरीचं ऐकलं तेव्हा कळलं. आणि तरी आत्तापर्यंत मी गप्प होते.”

ती माडीवर गेली, आणि कापडी पुडकं आणून तिनं टीपॉयवर ठेवलं. बोरमाळेचे मणी बाहेर ओघळले.

“का रं?” मालुबाईंनी विचारलं. “तुला काय कमी हुतं?”

“कमी?” निशांत उसळला. “आजीची बोरमाळ त्या मास्तराच्या पोरीच्या गळ्यात? तूच म्हणायचीस ना, तिची लायकी नाही म्हणून? मला काय माहीत ती घरात आहे! मी तर समजलो, घर रिकामं आहे, आळ बाळाबाईवर जाईल.”

“अरं मुडद्या!” बाळाबाई ओरडली.

“म्हणजे अदितीवर आळ आला, हे तुम्हाला अनपेक्षित होतं,” विद्युल्लता म्हणाली. “पण आल्यावर गैरसोयीचं वाटलं नाही. तिचं मूल उद्या तिच्याकडून काढून घेणार होते, आणि तुम्ही वर एसी लावून झोपला होतात. चोर तरी उजेडाला भितो. तुम्ही त्यातलेही नाही.”

मालुबाईंनी पदरानं तोंड पुसलं, पुडकं गुंडाळलं आणि मोठा उसासा टाकला.

“झालं ते झालं. घरातलं घरात मिटलं म्हणायचं. भावकीला फोन करून सांगते, येऊ नका. अदिती, ह्ये घे, तुझंच हाय. आन सगळ्यांस्नी चहा ठेव जरा. पाव्हण्या लांबनं आल्यात.”

अदिती उठली. प्रियदर्शनीला वाटलं, ही खरंच स्वयंपाकघरात जाणार.

अदिती माडीवर गेली. खाली आली तेव्हा समर्थ तिच्या खांद्यावर झोपलेला होता आणि हातात पिशवी होती.

“मी माहेरी चालले, आत्या. समर्थला घेऊन. जावळ तिथंच करीन. दागिने ठेवा, तुमच्या थोरल्याला पुन्हा यायचं तर काहीतरी असू दे घरात.”

“अगं, पर आता कशापायी? चोर घावला की!”

“चोर सापडला. तुम्ही सगळे इथंच आहात.”

राघवेंद्र पुढं झाला. “अदिती, मी...”

“तुम्हाला कुणी धरलंय?”

तो उंबऱ्यात घुटमळला. आईकडं बघायला त्याची मान वळू लागली, अर्ध्यात थांबली. मग त्यानं बायकोच्या हातातली पिशवी घेतली आणि चप्पल न घालताच पायरी उतरला.

प्रियदर्शनी आणि विद्युल्लता त्यांच्या मागोमाग फाटकाबाहेर पडल्या. आतून मालुबाईंचा आवाज आला.

“आन चहाचं काय?”

ऋतिका खिडकीपाशी होती. बाळाबाई कमरेचा पदर सोडून परसदारानं निघून गेली होती. निशांतला गॅस कसा पेटवतात हे माहीत नव्हतं.