सुपारीएवढा नट

दोनशे किलोचं खोकं अलगद उचलणारा यंत्रमानव सुपारीएवढ्या एका नटापुढे हरला होता. असं कसं होऊ शकतं, हे अकरा वर्षांच्या केतकीला कळेना.

साल होतं २०६१. केतकी आणि तिचे आजोबा तोरणमाळच्या घाटात अडकले होते. आजोबा पदार्थविज्ञानाचे निवृत्त संशोधक. त्यांच्या स्वयंचलित गाडीत प्रतिविषाच्या (सापाच्या विषाचा परिणाम थांबवणाऱ्या औषधाच्या) कुप्या होत्या. केतकीची आई वरच्या दवाखान्यात डॉक्टर होती आणि साप चावलेल्या गुंजाबाई पावरांना तिथे आणलं होतं. सोसाट्याच्या वाऱ्यात ड्रोन उडणं शक्य नव्हतं, म्हणून गाडी निघाली. पण एका धारदार दगडानं मागचा टायर फाडला.

गाडीतला यंत्रमानव वज्र याने त्या चाकाचा गंजलेला नट बोटांत पकडून मनगट फिरवलं. नट हलला नाही. "माझी मोटर तापली. वीस मिनिटं मी बंद राहीन," एवढं तो बोलला आणि त्याचे दिवे मालवले.

तेवढ्यात आईचा फोन आला. "बाबा, कुठे आहात? गुंजाबाईंच्या पापण्या मिटायला लागल्यात. फार वेळ नाहीये."

आजोबांच्या खांद्याचं ऑपरेशन होऊन तीनच आठवडे झाले होते. त्यांनी हत्यारांच्या पेटीतून चाकाचा पाना काढला आणि केतकीच्या हातात दिला. "गाडी जॅकवर नंतर चढवू. चाक जमिनीवर टेकलेलं असतानाच नट सैल करायचे, नाहीतर चाकच फिरत बसेल."

केतकीनं जोर लावला. मग पान्याच्या दांड्यावर चक्क उभी राहिली. नट तसाच.

"वज्रला नाही जमलं, मला काय जमणार?" तिचा आवाज रडवेला झाला होता.

"हे गाडीचं दार कडीपाशी धरून ढकल," आजोबा शांतपणे म्हणाले. "आता बिजागरीजवळ हात ठेवून ढकल."

तिनं ढकलून पाहिलं. "बिजागरीजवळ खूप जड जातंय."

"दार तेच, तूही तीच. मग बदललं काय?"

"हाताची जागा. बिजागरीपासूनचं अंतर."

"बरोबर. एखादी वस्तू किती जोमानं फिरेल, हे नुसत्या बळावर ठरत नाही. बळ गुणिले अंतर, याला आघूर्ण (फिरवण्याची ताकद) म्हणतात. वज्रचं बळ मोठं, पण त्याची बोटं थेट नटावर होती. अंतर जवळजवळ शून्य."

केतकी पान्याकडे बघत राहिली. दांडा जेमतेम वीतभर होता. मग ती गाडीत शिरली आणि दवाखान्यासाठी नेत असलेल्या सलाईनच्या स्टँडची जाड, पोकळ नळी उपसून घेऊन आली. नळी पान्याच्या दांड्यावर घट्ट बसली. आता तिचं टोक नटापासून चार विती लांब होतं.

"म्हणजे माझं वजन तेच, पण आघूर्ण चौपट," ती म्हणाली.

आजोबांनी डाव्या हातानं पाना नटावर दाबून धरला. केतकी गाडीच्या टपाची पट्टी पकडून नळीच्या टोकावर चढली. कर्रर आवाज झाला आणि नळी सावकाश खाली गेली. नट सुटला होता.

उरलेले चार नट तिनं तसेच सैल केले. जॅक लावून होईपर्यंत वज्र जागा झाला आणि त्यानं स्टेपनी उचलून बसवली. दवाखान्याच्या दारात आई उभीच होती. संध्याकाळपर्यंत गुंजाबाईंनी डोळे उघडून पाणी मागितलं.

पायरीवर बसल्या बसल्या केतकी म्हणाली, "आजोबा, चंद्रावर माझं वजन सहावा हिस्सा होईल ना?"

"हो."

"मग तिथे गाडीचा नट अडकला, तर सहापट लांब दांडा लागेल."

आजोबा हसले. "तोवर तिथल्या गाड्या फार वेगळ्या असतील, केतकी."

"असू देत," ती म्हणाली. "नट तर असतीलच."