चुकून सौभाग्यवती

“हसू नका हो, परत नापास व्हाल!”

पडद्याबाहेरून मी असं ओरडले, तेव्हा पडद्याआडचा माणूस कोण, कुठला, मला काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. परदेशात वर्षभर राहायचं परमिट काढायला मी सकाळपासून त्या ऑफिसात ताटकळत होते. कोपऱ्यात आपला आपण फोटो काढायचं यंत्र होतं आणि आत बसलेला गृहस्थ प्रत्येक फ्लॅशला “अरे देवा, परत हसलो” म्हणत होता. परक्या मुलखात असं स्वच्छ मराठी “अरे देवा” कानावर पडल्यावर गप्प बसणं माझ्या रक्तातच नाही.

पडदा सरकला. पावसात भिजलेले केस कपाळावरून थेट कानांवर आलेले, हातात फोटोंची ओली पट्टी.

“दोनदा परत पाठवला,” तो बिचारा म्हणाला. “एकदा हसलो म्हणून. दुसऱ्यांदा का, ते कळलंच नाही.”

“कान.”

“कसले कान?”

“तुमचे. दोन्ही दिसायला लागतात, नियम आहे. केस मागे घ्या बघू. अंहं, डावीकडचे… अजून थोडे…” त्याला जमेना, तेव्हा मीच बोटानं ते कानामागे सारले. “हां. आणि असले कान लपवतं का कुणी? इतके सुरेख आहेत!”

ते सुरेख कान बघता बघता लाल झाले. मग मात्र मला खुलासा करावा लागला. मी कानवाली. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांच्या यंत्रासाठी कानाचे साचे बनवते, आणि त्याचंच पुढचं शिक्षण घ्यायला इथल्या एका वर्कशॉपमध्ये वर्षासाठी आले होते. माणसाच्या तोंडाआधी त्याचे कान बघायचे, ही आमची धंद्याची खोड.

“मी लिफ्टवाला,” तो म्हणाला. “लिफ्ट दुरुस्त करतो. कंपनीनं वर्षभरासाठी पाठवलंय. इथं कोणी आपल्या कानांचं कौतुक केलं, तर उलट काय म्हणायचं असतं?”

“थँक्यू म्हणायचं आणि न हसता फोटो काढायचा.”

त्यानं फोटो काढला, नंबर आला म्हणून खिडकीकडे पळाला, आणि फोटो यंत्रातच विसरला. मी ती पट्टी घेऊन मागे धावले. “अहो! अहो, थांबा! अहो!” सगळं ऑफिस वळून बघत होतं. खिडकीशी पोचून मी पट्टी त्याच्या हातात कोंबली आणि पुन्हा कपाळावर आलेली बट सवयीनं मागे सारली. माझी सवय, काय करणार?

खिडकीतल्या बाई चष्म्यावरून आमच्याकडे बघून गोड हसल्या. “तुमचेही कागद द्या,” त्या मला म्हणाल्या. “एकत्रच घेते.” किती मायाळू बाई, मला वाटलं. रांग वाचली.

आठवड्यानं मला वर्कशॉपच्या दारात लिफ्टवाला दिसला. हातात लिफाफा, चेहऱ्यावर बारा वाजलेले.

“तुमचं पत्र माझ्या घरी आलंय,” तो म्हणाला. “म्हणजे… आपलं पत्र.”

पत्रात माझ्या वर्कशॉपचं नाव होतं, आणि लिहिलं होतं की आम्हा पती-पत्नीचा एकत्र अर्ज मिळाला आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं खिडकीशी भांडायला हजर. बाई मुळीच डगमगल्या नाहीत. मागे एक मराठी जोडपं त्यांच्याकडे आलं होतं, आणि त्यातल्या ताईंनी त्यांना समजावून सांगितलं होतं की आमच्यात नवऱ्याला ‘अहो’ म्हणतात. “तुम्ही तीनदा अहो म्हणालात,” बाई म्हणाल्या. “आणि हे वळले.”

“अहो, पण ते सगळ्यांनाच म्हणतात!” मी कळवळून म्हणाले.

“आता तुम्ही मलाही अहो म्हणालात,” बाई गोंधळून म्हणाल्या.

लिफ्टवाला तोंडावर रुमाल धरून हसत होता. मला त्याला चिमटा काढावासा वाटला. पुन्हा म्हणून परक्या माणसाला अहो म्हणायचं नाही, असा मी तिथल्या तिथे कानाला खडा लावला. पण झालेली गोष्ट कॉम्प्युटरात गेली होती. फाइल वेगळी करायला दोघांनी एकत्र येऊन, बाईंसमोर लिहून द्यायचं, आणि त्याची तारीख मिळाली महिनाअखेरची. सरकारी काम आणि सहा महिने थांब हे फक्त आपल्याकडेच आहे असं समजत होते मी. आणि महिनाअखेरीपर्यंत परमिट हातात नसेल तर माझी जागा दुसरीला द्यावी लागेल, असं वर्कशॉपच्या मालकीणबाईंनी आधीच बजावलं होतं. म्हणजे ती तारीख हुकली की मी चालले घरी.

आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, “अगं, नवरा न करताच सौभाग्यवती झालीस? आधी कागद निस्तर, मग बाकीचं. मुलगा कसा आहे?”

“आई!”

“विचारलं आपलं.”

कसा होता? फाइल एक, म्हणून पत्ताही एकच, त्याचा. त्या ऑफिसला पत्रं पाठवायची भारी हौस. विम्याचं पत्र, तपासणीचं पत्र, आधीचं पत्र मिळालं का ते विचारणारं पत्र. माझ्या नावाचं प्रत्येक टपाल घेऊन लिफ्टवाला संध्याकाळी वर्कशॉपवर हजर. हातांना ग्रीसचा वास, दारातल्या पायपुसण्यावर बूट चारचारदा घासायचा, तरी आत यायला संकोचायचा.

“टपाल.”

“ठेवा तिथं. चहा?”

“नको… बरं, अर्धा.”

अर्ध्या चहाला तो तासभर लावायचा. लिफ्टमध्ये एकटा माणूस आरशात बघून काय काय करतो, याच्या गोष्टी सांगायचा. मी हसून हसून पाणी प्यायला उठायची. आणि तो गेल्यावर वर्कशॉप एकदम मोठं वाटायचं. खोटं कशाला बोलू?

एकदा मला सरावासाठी कान हवे होते. “घ्या की,” तो म्हणाला, “तुम्हालाच आवडलेत ते.” मी त्याच्या दोन्ही कानांत गुलाबी लगदा भरला. तो घट्ट होईपर्यंत हलायचं नाही, बोलायचं नाही, ऐकू तर येतच नाही. शहाण्या बाळासारखा बसला होता. मी समोर स्टूल ओढलं. त्याच्या पापण्या लांब होत्या, ते तेव्हा प्रथम पाहिलं… आणि माझं तोंड सुटलंच.

“उद्या टपाल नसलं तरी या,” मी हळूच म्हणाले.

त्याच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. साचे काढले, सुरेख निघाले, तो थँक्यू म्हणून गेला.

दुसऱ्या संध्याकाळी तो दारात उभा. हात रिकामे.

“आज काही आलं नाही,” तो म्हणाला, “एवढं सांगायला आलो.”

माझ्या हातातली कानस खाली पडली. “काल… ऐकलंत तुम्ही?”

“कान बंद होते. डोळे उघडे होते. लिफ्टच्या यंत्रांपाशी एवढा गोंगाट असतो की आम्ही एकमेकांचे ओठच वाचतो.”

मी तोंड लपवायला वळले तर समोर कानांनी भरलेलं कपाट. त्या संध्याकाळी त्यानं पूर्ण कपभर चहा घेतला. पण पुढचं कोणीच बोललं नाही. तो वर्षापुरता, मी वर्षापुरती, आणि माझं तर वर्षाचंही नक्की नाही. कशाला उगाच?

तारीख उजाडली. बाईंनी कागद तयार ठेवला होता. चष्मा सावरून त्या वाचू लागल्या, “आम्ही पती-पत्नी नाही. आम्ही एका घरात राहत नाही. आमचा एकमेकांशी कोणताही संबंध नाही. करा सह्या. खोटं लिहून दिलंत तर गुन्हा आहे हं.”

मी पेन त्याच्याकडे सरकवलं. त्यानं उचललं, कागदापर्यंत नेलं, आणि तिथेच थांबला.

“काय झालं?” मी मराठीत कुजबुजले. “करा ना सही!”

“पहिली दोन वाक्यं ठीक आहेत.”

“मग?”

“तिसरं खोटं आहे.”

मी कागद त्याच्याकडे आणखी सरकवला. आनंदानं की घाबरून, देव जाणे. “आज सही नाही झाली तर माझी जागा जाईल. मी घरी जाईन. कळतंय का तुम्हाला?”

“कळतंय. त्याच भीतीनं झोप नाही मला.” तो माझ्याकडे बघेना, पेनाच्या टोपणाकडे बघत बोलत होता. “तुम्ही म्हणालात तर करतो सही. तुमच्यासाठी खोटंही लिहून देतो. पण मग तुम्हाला तरी खरं माहीत असू दे. माझा संबंध आहे. माझ्या बाजूनं तरी… पुष्कळ आहे.”

बाईंनी काचेवर टकटक केलं. “काय चाललंय?”

आता बोलायची पाळी माझी होती. माझी जागा, माझं वर्ष, एवढ्या लांब येऊन मिळवलेलं सगळं त्या एका सहीवर. मुकाट्यानं ‘खरं आहे’ म्हटलं असतं तर दोन मिनिटांत सुटले असते. शिकवणीत शिकलेली मोडकीतोडकी भाषा गोळा करून मी म्हणाले, “हे म्हणतात, तिसरं वाक्य खोटं आहे.”

“आणि तुम्ही?”

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याचे कान पुन्हा लाल झाले होते.

“मीपण तेच म्हणते.”

बाईंनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा लावला. मग ड्रॉवरमधून पट्टी काढून तिसऱ्या वाक्यावर सरळ रेघ मारली. “नियमाला लग्न झालंय की नाही एवढंच हवं असतं,” त्या म्हणाल्या. “ते वाक्य मीच पदरचं घातलं होतं, पक्कं काम व्हावं म्हणून. रेघेशेजारी दोघांनी सह्या करा. आणि बाहेर जाऊन बोला, रांग खोळंबली आहे.”

दोघांच्या परमिटांवर शिक्के उमटले, धप् धप्. एकदाचं गंगेत घोडं न्हालं. परमिट छातीशी धरून मी पायऱ्यांवर आले, तरी पाय जमिनीला लागत नव्हते. बारीक पाऊस भुरभुरत होता.

“आता फाइल वेगळी झाली,” तो म्हणाला. “तुमचं टपाल तुमच्याच घरी येणार.”

“येणारच.”

“मग संध्याकाळी मी काय घेऊन येऊ?”

“काही नको.”

“नुसताच येऊ?”

“ये,” मी म्हणाले.

अहो-जाहो कुठल्या कुठे पळालं होतं. तो इतका मोठ्यांदा हसला की दारातला पहारेकरीही हसायला लागला. मग त्यानं माझा हात धरला, आणि आम्ही दोघं कामाला उशीर झालेला असताना चालतच निघालो.