ओठ मिटतात तिथे

भाग १ ते ८

महादेवीच्या कागदावर दोन रकाने असत. डावीकडे ‘दिसतं’, उजवीकडे ‘ऐकू येतं’. पडद्यावरच्या माणसाचे ओठ कधी उघडतात, कधी मिटतात ते ती डावीकडे लिही. उजवीकडे त्याला बसेल असं मराठी. ओठ मिटतात तिथे प, फ, ब, भ, म यांतलं काहीतरी हवंच. नाहीतर राजारामपुरीतून एखाद्या प्रेक्षकाचा फोन येई, “ओ बाई, तुमच्या हिरोचं त्वांड येक बोलतंय आन् आवाज दुसराच येतोय!”

दोन हजार सातचा मार्च होता. सकाळी शाळेत सातवीला व्याकरण, दुपारी केबलवाल्या आण्णांच्या स्टुडिओत कोरियन मालिकेचे मराठी संवाद. स्टुडिओ म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची खोली. भिंतींना गाद्या ठोकलेल्या आणि पंखा बंद, कारण त्याचा आवाज रेकॉर्ड होई. घाम पुसून पुसून तिच्या पदरावर मिठाचे पट्टे उमटत. घरी जाईपर्यंत तिच्या अंगात बोलायचं बळ उरत नसे.

मालिका प्रेमाची होती. मिन्वू नावाचा हळुवार तरुण आणि फुलांचं दुकान चालवणारी सोही. डिस्कवर चित्राखाली इंग्रजी ओळी यायच्या. इंग्रजीत ‘यू’ एकच. त्याचं ‘तू’ करायचं की ‘तुम्ही’, हे महादेवीनं ठरवायचं. मिन्वूच्या तोंडी तिनं सगळ्यांसाठी ‘तू’ घातला, आपुलकीचा. कोल्हापूर त्याच्यावर खूश होतं.

भाग ९

नवव्या भागात मिन्वूनं सोहीच्या मैत्रिणीला तलावावर नेलं आणि बुडवलं. मग रुमालानं हात पुसले.

“बाई, लोकं फोन ठिवू देईनात,” आण्णा म्हणाले. “आठ भाग साखरंगत बोलणारा माणूस, आन् एकदम खुनी? ह्यो एकच हाय का दोन हायत?”

“एकच आहे, आण्णा. आपल्याला कळला नाही.”

“मग कळंल असं करा की कायतरी. न्हायतर मिनूपंतांचा जुळा भाऊ काढा कुठनंतरी.”

तिनं तो भाग आवाज बंद करून पुन्हा पाहिला. शेजारी वरद बसला होता. नाटकांत कामं करायचा आणि इथं मिन्वूला आवाज द्यायचा.

“हितं ‘तू’ बसतच न्हाय, बाई,” तो म्हणाला. “बघा. त्या बाईशी बोलताना दर वेळी ओठ मिटत्यात.”

खरंच होतं. तलावाच्या वाटेवर, जिथे जिथे तिनं ‘तू’ लिहिला होता तिथे तिथे ओठ मिटत होते. तिनं ‘तू’ खोडून ‘तुम्ही’ केलं. चपखल बसलं.

भाग पुन्हा दाखवला आणि फोन थांबले. लोकांना खूण सापडली होती: मिन्वू ज्या बाईला ‘तुम्ही’ म्हणाला, ती पाण्यात गेली. गल्लीत बायका एकमेकींना मुद्दाम ‘तुम्ही’ म्हणायच्या आणि किंचाळून हसायच्या.

भाग १३

महादेवीचा नवरा शशिधर मूळचा हातकणंगल्याचा. पंपांच्या सुट्या भागांचं दुकान होतं त्याचं. विहिरीवरच्या मोटारीपेक्षा मोठ्यानं बोलायची लहानपणची सवय कोल्हापुरात येऊनही सुटली नव्हती. बावीस वर्षं तो रोज फाटकातूनच ओरडत आला होता, “ए महादेवी, भाकरी हाय का न्हाय?” त्यात राग नसायचा. पण ते ऐकून ऐकून ती थकली होती, हेही खरं.

बुधवारी दुपारी तो जेवायला आला. चपला दाराशी जोडून ठेवल्या.

“तुम्ही जेवलात का?”

महादेवीनं मागं वळून पाहिलं. कोण पावणं आलंय म्हणून. मागं कुणी नव्हतं.

“काय ओ, शिरेल बघून आलासा व्हय?” ती हसली.

“कोणती?” त्यानं विचारलं. ताट स्वतः वाढून घेतलं आणि जेवून झाल्यावर स्वतः विसळून पालथं घातलं.

मालिका त्यानं एक दिवसही पाहिली नव्हती, हे तिला ठाऊक होतं.

गुरुवारी ‘तुम्ही’. शुक्रवारी ‘तुम्ही’. आवाज त्याचाच, पण खाली उतरलेला. ‘हाय’चं ‘आहे’ झालं होतं, ‘न्हाय’चं ‘नाही’. शनिवारी तिनं शाळेतून दुकानात फोन लावला. पलीकडे तो कुणावर तरी नेहमीसारखा खेकसत होता, “आरं व्हॉल्व्ह न्हाय आला आजून, सांगितलं न्हवं!” मग त्यानं रिसीव्हर कानाला लावला. “हॅलो,” ती म्हणाली. “बोला,” तो हळूच म्हणाला, “तुम्ही ठीक आहात ना?”

म्हणजे फक्त तिच्याशी.

हे तिनं कुणाला सांगितलं नाही. कारण तिला बरं वाटत होतं. बावीस वर्षांत पहिल्यांदा घरात कुणीतरी तिच्याशी हळू बोलत होतं. खूण काय आहे ते तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? तिनंच तर ती लिहिली होती. तरी त्या आठवड्यात तिला गाढ झोप लागली.

शेवटचा भाग

शेवटच्या डिस्कवर इंग्रजी ओळीच नव्हत्या.

“तुमच्या मनानं लिवा,” आण्णा म्हणाले. “कोरियातनं कोण बघाय येतंय?”

मिन्वू दारात उभा. सोही टेबलाशी. त्याचे ओठ पाचदा मिटले. महादेवीनं पेन टेकवलं आणि वाक्य सरळ उतरलं:

*तुम्ही फार दमला आहात. आपण पाण्याकडे जाऊ.*

म, फ, म, प, प. पाच.

मग तिच्या लक्षात आलं, की हे वाक्य तिचं नाही. सकाळी चहाचा कप तिच्या पुढ्यात ठेवून शशिधर हेच म्हणाला होता. शब्दाला शब्द. आणि ती म्हणाली होती, “संध्याकाळी बघू.”

पडद्यावर सोही उठली. चपला घातल्या. पुढं दोन मिनिटं नुसतं पाणी, आणि मग कलाकारांची नावं.

महादेवीनं वाक्य खोडलं. इतकं, की कागद फाटला. खाली दुसरं लिहिलं.

“‘चल की, घरी जाऊ. तू लई कटाळलीयंस,’” वरदनं वाचलं. “बाई, मिन्वू कोल्हापुरी बोलाय लागला? आन् ओठ पाचदा मिटत्यात, ह्यात एकदा बी न्हाय.”

“असू दे.”

“आवो, लोकं शिव्या घालतील.”

“म्हण रे बाबा. माझ्यासाठी म्हण.”

त्यानं म्हटलं. तोंडाचा आणि आवाजाचा कुठेच मेळ नव्हता. आण्णांनी कपाळावर हात मारला, पण पाचला भाग लागायचा होता. तसाच सोडला.

घर

साडेपाच. ऊन अजून स्वयंपाकघरात होतं. ती शेगडीकडे तोंड करून उभी होती. बाहेर चपला भिरकावल्याचा आवाज आला, एक इकडं, एक तिकडं.

“ए महादेवी! च्या टाक की!”

या ओरडण्यानं कधी आपले डोळे भरतील असं तिला वाटलं नव्हतं. तिनं आधण ठेवलं. साखर दोनदा पडली.

मागून तो म्हणाला, “चल की, गाडी काढतो. तू लई कटाळलीयंस. धरणाकडं जाऊन यिऊ.”

“थांबा, च्या तर घ्या,” म्हणत ती वळली.

तो पुन्हा तेच म्हणाला.

*दिसतं:* ओठ मिटले. उघडले. मिटले. पाच वेळा.

*ऐकू येतं:* चल की, गाडी काढतो. तू लई कटाळलीयंस. धरणाकडं जाऊन यिऊ.

तिनं त्या शब्दांत एक तरी ‘म’ शोधला. एक तरी ‘प’.

नव्हता.

चहा उतू गेला. शेगडी विझली.

बावीस वर्षांत तिनं त्याला कधी अरे-तुरे केलं नव्हतं.

“कोण हायस तू?”

शशिधर चिडला नाही. त्याचे ओठ हलले, दोनदा मिटले.

काहीच ऐकू आलं नाही.

मग तो मान जराशी कलती करून तिच्याकडं बघत उभा राहिला. अदबीनं. तिनं पुढचं वाक्य द्यायची वाट बघत.